मानेवरचा मळ, पोटातले जंतू आणि दुकानातले पुडे

बेळगावच्या शहापूर भागातून एका आईचं पत्र आलंय. पत्र लांब आहे, म्हणून गरजेपुरतंच देते.

"माझा मुलगा नऊ वर्षांचा, चौथीत आहे. उंची 132 सेंटिमीटर आणि वजन 41 किलो. सीझरने झाला. तीन वर्षांचा होईपर्यंत सारखी सर्दी, ताप, आणि प्रत्येक वेळी अँटिबायोटिक. घराखालीच आमचं किराणा दुकान आहे. शाळेतून आला की तो पप्पांजवळ गल्ल्यावर बसतो, सातला ट्यूशन. थोरली मुलगी बारा वर्षांची. ती तेच जेवण जेवते, पण अंगाला काही लागत नाही. नणंदेच्या ओळखीच्या एक बाई पोटातल्या चांगल्या जंतूंची पावडर विकतात, महिन्याला 2,400 रुपये. आधी शौचाची तपासणी करून घ्या म्हणतात, त्याचे पैसे वेगळे. अँटिबायोटिकने ह्याचे चांगले जंतू मेलेत, म्हणून वजन वाढतंय असं त्यांचं म्हणणं. हे खरं आहे का? भात बंद करू का? सासूबाई म्हणतात, 'खात्यापित्या घरचं पोरगं हाय, कशाला उपाशी मारालीस? वाढीला लागलं की उंचीत जातंय.' आणखी एक, मानेवर काळा मळ साचतो, कितीही घासला तरी जात नाही. शाळेत पोरं चिडवतात."

ताई, शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. मी उत्तराला तिथूनच सुरुवात करते.

तो मळ नसावा. मानेच्या मागे, घडीत, कधी काखेतही कातडी काळपट, जाडसर, मखमलीसारखी झाली असेल आणि घासून निघत नसेल, तर डॉक्टर त्याला अ‍ॅकँथोसिस निग्रिकन्स म्हणतात. वजन जास्त असलेल्या मुलांत तो बहुतेक वेळा याची खूण असतो की शरीर इन्सुलिनला नीट दाद देत नाही आणि स्वादुपिंडाला जास्त इन्सुलिन सोडून काम भागवावं लागतंय. म्हणजे लगेच मधुमेह झाला असं नाही, पण इकडे लक्ष द्यायची वेळ आलीय. तेव्हा वज्री, दगड, लिंबू-सोडा सगळं आजपासून बंद. कातडी सोलवटेल, पोराला दुखेल, रंग काही जाणार नाही. वजन आटोक्यात आलं की तो हळूहळू आपोआप फिका होतो. आणि "आंघोळ नीट करत नाहीस" हे बोलणं त्याला घरात कुणीही लावू नये. बिचाऱ्याने अजून किती घासायचं?

आता आकड्यांकडे. 41 किलोला उंचीच्या मीटरमधल्या वर्गाने भागलं की 23.5 येतात, यालाच बीएमआय म्हणतात. मोठ्या माणसाला हा आकडा फार वाटायचा नाही, पण मुलांचं माप वयाप्रमाणे बदलतं. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात नऊ वर्षांच्या मुलाला साधारण 18च्या वर जादा वजन आणि साधारण 20.5च्या वर लठ्ठपणा धरतात. तुमचा मुलगा त्या दुसऱ्या रेषेच्याही बराच वर आहे. म्हणून "खात्यापित्या घरचं पोरगं" एवढ्यावर सोडून चालणार नाही. तरी सासूबाईंचं "उंचीत जातंय" हे अगदीच खोटं नाही, त्यावर पुढे येते. उंची वयाला साजेशी आहे ही चांगली गोष्ट. थायरॉइड किंवा दुसऱ्या हार्मोनच्या आजाराने वजन वाढतं तेव्हा बहुधा उंची खुंटलेली असते. इथे तसं दिसत नाही.

पावडरवाल्या बाईंचं म्हणणं खरं का? निम्मं खरं आहे, आणि म्हणूनच पावडर विकायला सोपी जाते.

आपल्या शरीरात, त्यातही मुख्यतः मोठ्या आतड्यात, सुमारे 38 लाख कोटी जिवाणू राहतात. 2016 मध्ये इस्रायलमधल्या शास्त्रज्ञांनी नीट हिशेब मांडून हा अंदाज दिला. त्याआधी "शरीरातल्या पेशींच्या दहापट जंतू" असं सगळीकडे छापलं जायचं, आजही मोबाइलवर तसंच फिरतं. ते बाजूला ठेवा. वजनाशी त्यांचा संबंध काय, हे शोधायचं मोठं काम अमेरिकेत सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात जेफ्री गॉर्डन यांच्या प्रयोगशाळेत झालं. 2006 मध्ये त्यांनी लठ्ठ उंदरांच्या आतड्यातले जंतू जंतूरहित वाढवलेल्या उंदरांत सोडले, आणि त्या उंदरांच्या अंगावर चरबी जास्त चढली. 2013 मध्ये त्यांनी माणसांच्या जुळ्या बहिणी घेतल्या, एक लठ्ठ आणि एक सडपातळ, आणि त्यांचे जंतू उंदरांना दिले. लठ्ठ बहिणीचे जंतू मिळालेले उंदीर जास्त चरबी धरू लागले. मग दोन्ही तऱ्हेचे उंदीर एका पिंजऱ्यात ठेवले. उंदीर एकमेकांची लेंडी खातात, त्यामुळे सडपातळ बहिणीचे जंतू दुसऱ्यांत पसरले आणि त्यांची चरबी वाढणं थांबलं.

पावडरवाल्या बाई इथे थांबतात. प्रयोग इथे थांबला नव्हता. उंदरांना चरबी कमी आणि चोथा (फायबर) भरपूर असा आहार होता तेव्हाच हे घडलं. तेच उंदीर, तेच जंतू, पण खाणं तेलकट-तुपकट आणि भाजी-फळ जवळजवळ नाही, तेव्हा चांगले जंतू आत जाऊनही टिकले नाहीत. म्हैस चांगल्या जातीची आणली आणि गोठ्यात वैरणच नसली तर दूध कुठून येणार?

माणसाच्या मुलांवरही हे करून बघितलंय. न्यूझीलंडमध्ये ऑकलंडला 87 लठ्ठ किशोरांना घेऊन एक चाचणी झाली, 2020 मध्ये तिचे निष्कर्ष आले. त्यातल्या काहींना सडपातळ माणसांचे जंतू कॅप्सूलमधून दिले, काहींना बिनऔषधाच्या कॅप्सूल. सहा आठवड्यांनी दोन्ही गटांच्या वजनाच्या आकड्यात काही फरक नव्हता. तिथे अख्खं बिऱ्हाड हलवूनही काही झालं नाही, मग डब्यातल्या पावडरने काय होणार? असल्या डब्यांवर "50 अब्ज जिवाणू" असं ठळक लिहिलेलं असतं. 50 अब्ज म्हणजे पाच हजार कोटी. 38 लाख कोटींपुढे ते शेकड्याला अर्धाही भरत नाहीत, आणि बहुतेक तर आतड्यात वस्तीलाही राहत नाहीत, पावडर थांबवली की निघून जातात.

प्रोबायोटिक, म्हणजे औषधासारखे घ्यायचे चांगले जंतू, सगळेच फसवे असं मात्र मी म्हणत नाही. ओडिशात साडेचार हजार नवजात बाळांवर मोठी चाचणी झाली होती, 2017 मध्ये ती छापून आली. त्यात एक ठरावीक जिवाणू आणि त्याचं खाद्य दिल्यावर बाळांमधला जंतुसंसर्ग बराच कमी झाला. पण तो जिवाणू ठरलेला, काम ठरलेलं, वय ठरलेलं. "पोटाला चांगलं" म्हणून वजनासाठी दिलेली पावडर हा निराळा प्रकार. शौचाच्या तपासणीचं तर सरळ सांगते, करू नका. निरोगी मुलाच्या आतड्यात नेमके कुठले जंतू किती असावेत, याचं सर्वमान्य माप अजून ठरलेलंच नाही. रंगीत तक्त्यांचा अहवाल येईल आणि त्यावरून कुठलाही डॉक्टर औषध ठरवू शकणार नाही.

सीझर आणि अँटिबायोटिक यांचा डाग तुम्ही मनाला लावून घेतलाय, असं पत्रावरून वाटलं. लहानपणी फार अँटिबायोटिक घेतलेल्या मुलांत पुढे वजन थोडं जास्त आढळतं, असं मोठ्या पाहण्यांत दिसलंय हे खरं. पण तो फरक लहान आहे, आणि तेच एकमेव कारण असं त्यातून ठरत नाही. झालं ते झालं. पुढे एवढंच करा की साध्या सर्दीला अँटिबायोटिक मागू नका. ती विषाणूची असते, त्यावर ते चालतच नाही. डॉक्टरांनी गरज बघून दिलं तर मात्र सांगितलेले दिवस पूर्ण करा.

मग वैरण कुठली? ती तुमच्या सासूबाईंना तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आपल्याला पचत नाही तो चोथा मोठ्या आतड्यात जातो आणि तिथले जंतू तो आंबवून त्यापासून ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात. आतड्याच्या अस्तरातल्या पेशी मुख्यतः त्यावरच जगतात, आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूला पोचवणाऱ्या हार्मोन्सनाही त्यांची मदत होते. 2010 मध्ये इटलीतल्या संशोधकांनी आफ्रिकेतल्या बुर्किना फासो देशातल्या एका खेड्यातली मुलं आणि फ्लॉरेन्स शहरातली मुलं यांची तुलना केली. खेड्यातल्या मुलांच्या आतड्यात चोथा फोडणारे जंतू कितीतरी जास्त होते आणि ही आम्लंही जास्त. त्यांचं जेवण काय होतं? बाजरीसारखी भरडधान्यं, ज्वारी, चवळी आणि भाज्या. बैलहोंगल, अथणीच्या बाजूला कुणी हे वाचलं तर म्हणेल, ह्यात नवीन काय?

नवीन एवढंच, की आपण ते सोडलं. बेळगाव शहरात कितीतरी घरांत भाकरी आता मटणाच्या दिवशीच होते. एरवी सकाळी बिस्किट-चहा, डब्यात ब्रेड-जाम किंवा नूडल्स, दुपारी भात, रात्री भात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यात 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 10 ग्रॅम चोथा आहे, नाचणीत सुमारे 11, गव्हाच्या कणकेतही तितकाच. पांढऱ्या तांदळात आणि मैद्यात मात्र 3 ग्रॅमपेक्षा कमी. नाचणीत वर 360 मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम. खानापूरकडची नाचणी तुमच्याच दुकानात असेल, खालच्या फळीवर.

म्हणून भात बंद करू नका. इथल्या माणसाचा भात बंद केला की तो आठ दिवस टिकतो आणि नवव्या दिवशी दुप्पट खातो. दोन वेळचा भात एक वेळ करा. रात्री भाकरी, नाहीतर चपाती. भाताच्या वेळीही ताटात आधी उसळ-भाजी पडू दे, मग भात, आणि दुसऱ्यांदा वाढायच्या आधी दहा मिनिटं गप्पा मारा. मटकीची उसळ, हुलग्याचं माडगं, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची नाहीतर जवसाची चटणी, पालेभाजी, रताळं. उचगाव-बेळगुंदीकडची रताळी बाजारात येतात तेव्हा संध्याकाळी उकडलेलं रताळं हा चांगला खाऊ आहे, वर साखर किंवा पाक नको. चोथा एकदम वाढवला की पोट फुगतं, वारा धरतो, पोरगं नको म्हणतं, म्हणून आठवड्याला एक-एक पदार्थ वाढवा आणि पाणी जास्त द्या.

ताक, दही रोज द्या, त्याला 2,400 रुपये पडत नाहीत. आंबील, इडली, डोसा यांतले जंतू शिजवल्यावर मरतात. हे ऐकून काहींना वाईट वाटतं. पण आंबिलीतला नाचणीचा चोथा कुठे जात नाही, आणि खरं काम तोच करतो.

आता अवघड जागी येते. तुमच्या पत्रात एक ओळ आहे, "पप्पांजवळ गल्ल्यावर बसतो". चार ते सात, रोज तीन तास, आणि तिन्ही बाजूंना लटकणाऱ्या पुड्यांच्या माळा. मोठा माणूस तिथे बसला तरी हात जाईल, हे तर नऊ वर्षांचं पोर. माझ्या मते तुमच्या घरचं उत्तर जंतूंच्या आधी इथे आहे.

अमेरिकेत 2019 मध्ये केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी 20 मोठ्या माणसांना महिनाभर एका दवाखान्यात ठेवून जेवू घातलं. दोन आठवडे कारखान्यात तयार झालेलं पाकीटबंद खाणं आणि दोन आठवडे घरच्यासारखं ताजं. ताटात वाढलेली साखर, चरबी, चोथा दोन्हीकडे सारखाच ठेवला आणि हवं तेवढं खा म्हणून सांगितलं. पाकीटबंद खाण्याच्या दिवसांत माणसं रोज सुमारे 500 कॅलरी जास्त खात होती आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलोने वाढली. कुणी त्यांना खादाड म्हणालं नव्हतं, भूकही वेगळी नव्हती. ते खाणंच असं की हात थांबत नाही. तेव्हा तुमच्या मुलाला जिभेवर ताबा नाही, असं म्हणण्याआधी फळीवर काय लटकतंय ते बघावं लागेल.

हे मिस्टरांना सांगणं सोपं नाही, मला कळतंय. दुकान आहे, पुडे विकायचेच आहेत. मी माल काढा म्हणत नाही. पण एक आठवडा त्यांनीच, त्याला न रागावता, तो काय काय उचलतो ते वहीत मांडावं. किती पुडे, किती बिस्किटं, किती थंड पेयं. 250 मिलिलिटरच्या थंड पेयाच्या बाटलीत सुमारे 26 ग्रॅम साखर असते. या वयाच्या मुलाला दिवसाकाठी 1,700 कॅलरी धरल्या, तर वरून घातलेल्या साखरेची उत्तम मर्यादा 21 ग्रॅमच्या आसपास येते. एका बाटलीत दिवस संपला. हिशेबी माणसाला हिशेब दिसला की पटतं, नुसतं तुम्ही सांगून पटणार नाही.

मग चार ते सातची जागा बदला. शहापूरहून टिळकवाडी काही लांब नाही. लेले मैदान आहे, व्हॅक्सिन डेपोची मोकळी जागा आहे. गल्लीतली पोरं जिथे खेळतात तिथे त्याला सोडा. या वयाला रोज तासभर घाम येईल इतकं खेळणं हवं, आणि ते खेळणंच असावं, "वजन कमी करायला पळ" असं नको. ट्यूशन सातची सहा करता आली तर रात्रीचं जेवण आणि झोपही लवकर होईल. या वयाच्या मुलाला रात्री निदान नऊ तास झोप लागते, आणि झोप कमी पडली की दुसऱ्या दिवशी भूक वाढते.

शाळेतून आल्याबरोबर मात्र त्याला भूक खरीच असते. तेव्हा हातात काहीतरी तयार हवं. उकडलेलं अंडं, भाजलेले शेंगदाणे, केळं, कांदा-टोमॅटो घालून कालवलेले चुरमुरे चालतील. दुधात घालायची चॉकलेटी पावडर मात्र नको. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्राच्या वाणिज्य मंत्रालयाने ऑनलाइन विक्रेत्यांना अशी पेयं "हेल्थ ड्रिंक"च्या यादीतून काढायला सांगितलं होतं. डब्याचंही तसंच. गंमत बघा, कर्नाटकातल्या सरकारी शाळेतल्या मुलाला 2013 पासून दूध मिळतं, 2024 पासून आठवड्यातले सहा दिवस अंडंही मिळतं, आणि फी भरून शिकणाऱ्या पोराच्या डब्यात ब्रेड-जाम! चपातीत अंडं नाहीतर मटकीची उसळ गुंडाळून द्या. तसा रोल नेला तर पोरं हसत नाहीत म्हणे.

सगळं घर एकाच ताटाला लागू दे. त्याच्यापुढे भाकरी आणि बाकीच्यांपुढे शेव-भजी, असं केलंत तर चार दिवसांत सगळं संपेल. थोरली बारीक आहे म्हणून तिला पुडे चालतात, असंही समजू नका. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी बरीच वर्षं दाखवून दिलंय की आपल्याकडची बाळं वजनाने कमी असली तरी त्यांच्या अंगात चरबीचं प्रमाण जास्त असतं. नुसतं बारीक दिसणं म्हणजे आतून सगळं ठीक, असा अर्थ होत नाही. दोघांना एकच खाऊ. सासूबाईंना ह्यात सोबत घ्या. "तुम्ही लहानपणी काय खायचात ते त्याला करून घाला" एवढंच म्हणा. त्यांच्या हातचं माडगं तो खाईल, तुमच्या हातचं "डाएट" खाणार नाही. आज्जीचा लाड कुंद्याच्या डब्याऐवजी माडग्याच्या वाटीतून होऊ दे. कुंदा वर्ज्य नाही, सणावाराला, पाहुण्यांसोबत, एक चमचा. रोज फ्रीजमध्ये नको.

डॉक्टरांकडे कधी? याच महिन्यात. बिम्समध्ये, म्हणजे बेळगावच्या सरकारी रुग्णालयात, बालरोग विभाग आहे, नाहीतर तुमचे नेहमीचे बालरोगतज्ज्ञ. मान दाखवा, रक्तदाब मोजून घ्या, उपाशीपोटीची साखर, एचबीए1सी (गेल्या दोन-तीन महिन्यांतली सरासरी साखर), यकृताची आणि कोलेस्टेरॉलची तपासणी करायची का ते विचारा. रात्री घोरतो का, झोपेत मधेच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे दोन-तीन रात्री जागून बघा आणि त्यांना सांगा. सारखी तहान, वारंवार लघवी, अचानक वजन उतरणं यातलं काही दिसलं तर महिना संपायची वाट बघू नका, त्याच दिवशी जा.

वजन उतरवायच्या मागे लागू नका. वाढत्या मुलाला सहसा उतरवावं लागतही नाही, आहे तिथे धरून ठेवलं तरी पुष्कळ होतं. या वयात वर्षाला पाच-सहा सेंटिमीटर उंची वाढते. तो 142 सेंटिमीटरचा होईल तेव्हा वजन 41च राहिलं असेल, तर तो 23.5चा आकडा 20.3 वर येतो आणि अकरा वर्षांच्या मुलासाठी ती लठ्ठपणाच्या रेषेखालची जागा आहे. सासूबाईंचं "उंचीत जातंय" एवढ्यापुरतं खरं. घरात रोज काट्यावर उभं करू नका. तीन महिन्यांतून एकदा उंची आणि वजन दोन्ही मोजा, तारीख घालून मिस्टरांच्या त्याच वहीच्या मागच्या पानावर लिहा आणि पुढच्या खेपेला डॉक्टरांकडे जाताना ती वही सोबत न्या.